युद्धकाळातले कापडी बिल्ले: ओळख, किंमत आणि जपणूक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथली बहुतेक उत्तरं दुसऱ्या महायुद्धातल्या (१९३९–४५) भारतीय सैन्याच्या फॉर्मेशन साइनबद्दल (सैनिक कुठल्या डिव्हिजनखाली, कोअरखाली किंवा आर्मीखाली लढतोय ते दाखवणारा दंडावरचा कापडी पॅच) आणि त्या काळात भारतात शिवल्या गेलेल्या अमेरिकन पॅचबद्दल आहेत. आपल्याकडच्या जुन्या ट्रंकांतून आणि जुन्या बाजारातून निघतात ते मुख्यतः हेच.

१. फॉर्मेशन साइन म्हणजे रेजिमेंटचाच बिल्ला ना?

नाही. रेजिमेंट म्हणजे सैनिकाचं सैन्यातलं घर. तो भरती तिथे होतो आणि सहसा निवृत्तही तिथूनच होतो. फॉर्मेशन म्हणजे त्याची पलटण त्या वेळी ज्या डिव्हिजनच्या, कोअरच्या किंवा आर्मीच्या हाताखाली लढत होती ती. फॉर्मेशन साइन दंडाच्या वरच्या भागावर शिवत. रेजिमेंटचं नाव खांद्यावरच्या वेगळ्या पट्टीवर असे, तिला शोल्डर टायटल म्हणतात.

म्हणून एकाच रेजिमेंटच्या दोन जवानांच्या दंडावर वेगवेगळे पॅच दिसू शकतात. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण इटलीत ८ व्या डिव्हिजनमध्ये होती, तर चौथी पलटण १९४४ मध्ये इंफाळच्या आघाडीवर २३ व्या डिव्हिजनमध्ये. आजोबा ‘मराठा’चे होते एवढ्यावरून पॅच ओळखता येत नाही, त्यांची पलटण कितवी होती ते आधी शोधा.

२. पॅचवर नाव-गाव काहीच नाही, फक्त चित्र आहे. डिव्हिजन कशी ओळखायची?

नाव नसणं हे मुद्दामच. शत्रूला कळू नये, पण आपल्या माणसाला लांबून ओळखू यावं. आपल्याकडे वारंवार दिसणारी चिन्हं अशी: लाल गरुड ४ थ्या डिव्हिजनचा. काळ्यावर नुसता लाल गोळा ५ व्या डिव्हिजनचा. काळ्यावर सोनेरी बाण ७ व्या. लालवर पिवळी क्लोव्हरची (तीन पानांच्या गवताची) पानं ८ व्या. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीचे नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तेव्हा त्यांची पलटण याच डिव्हिजनमध्ये होती. पिवळसर कापडावर काळं मांजर १७ व्या. लालवर खंजीर धरलेला पिवळा हात १९ व्या. काळ्यावर वाकडी तलवार धरलेला पांढरा हात २० व्या. पिवळ्या गोलात लाल कोंबडा २३ व्या. हिरव्यावर इस्पिकचा एक्का २५ व्या. त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ २६ व्या.

यातल्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या डिव्हिजनच्या वर १४ वी आर्मी. तिच्या चिन्हात लाल ढाल आणि टोक खाली केलेली तलवार. तलवार खाली का, तर ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरत परत घ्यायचा होता. काळ्यावर दोन पांढऱ्या किल्ल्यांची फुली दिसली तर तो ब्रिटिशांच्या २ ऱ्या डिव्हिजनचा. ही डिव्हिजन कोहिमाला जाण्याआधी अहमदनगर भागात तळ ठोकून होती, तेव्हा तो या बाजूला सापडला तर नवल वाटून घेऊ नका.

३. काळं मांजर, कोंबडा, खंजीर ही चिन्हं आजही सैन्यात आहेत. मग माझा पॅच जुना की नवा?

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. यातल्या बऱ्याच डिव्हिजन स्वातंत्र्यानंतर त्याच क्रमांकाने आणि त्याच चिन्हाने चालू राहिल्या किंवा पुन्हा उभ्या राहिल्या. ७ व्याची गंमत तर आणखी वेगळी: मूळ डिव्हिजन फाळणीत पाकिस्तानकडे गेली, पुढे भारतानेही फिरोजपूरला त्याच क्रमांकाची डिव्हिजन उभी केली, आणि सोनेरी बाण आज सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. त्यामुळे चित्रावरून काळ ठरवूच नका. काळ ठरतो बनावटीवरून (प्रश्न ४ ते ७). मागे वेल्क्रो असेल, रबरासारखं पीव्हीसी असेल किंवा संगणकावर चालणाऱ्या मशीनची एकसारखी घट्ट भरण असेल, तर तो १९४० च्या दशकातला नाही.

४. पॅच हातात आल्यावर नेमकं काय आणि कुठल्या क्रमाने बघायचं?

आधी उलटा करा. पुढची बाजू सगळेच नकलाकार सांभाळतात. मागची सांभाळायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे पैसा. हवं ते साहित्य थोडंच: दहा पटीचं भिंग, मिलिमीटरची पट्टी, दिवसाचा उजेड आणि पांढरा कागद.

पहिलं कापड बघा. युद्धकाळातल्या भारतीय बनावटीत बहुधा सुती ड्रिल (जाड, घट्ट विणीचं कापड), लोकरी कापड किंवा फेल्ट (न विणता, तंतू दाबून केलेलं कापड) असतं. लोकरी कापडाचे तंतू भिंगाखाली वेडेवाकडे, लहानमोठे दिसतात. ॲक्रिलिक फेल्टचे तंतू एकाच जाडीचे आणि चमकदार असतात, आणि ते कापड बोटाला गुळगुळीत लागतं.

मग टाका. बाजारातल्या कारागिराने हाताने चालवलेल्या मशीनवर घातलेला साखळी टाका पुढून एकात एक अडकलेल्या कड्यांसारखा दिसतो, मागून साध्या सरळ धावदोऱ्यासारखा. रेषा किंचित हलते, वळणावर टाके दाटतात. हातभरतकामात मागे गाठी असतात आणि एका भागातून दुसऱ्या भागात ओढलेले लांब धागे असतात. आजच्या संगणकी भरतकामात टाक्यांची लांबी सगळीकडे सारखी, मागे पांढऱ्या बॉबिनच्या धाग्याची नीटस जाळी, आणि कडेला कात्रीने कापलेला, कागदासारखा दिसणारा न विणलेला स्थिरक (भरताना कापड ताठ राहावं म्हणून मागे लावलेला थर) असतो. तो स्थिरक दिसला की पुढे बघायची गरज नाही.

तिसरी कड. अमेरिकन पॅचची युद्धकाळातली कड कापलेली, सपाट असते. दोरीसारखी जाड, गुंडाळलेली ओव्हरलॉक कड आणि मागे तिचं शेपूट चिकटवलेलं, ही पद्धत साधारण १९६० च्या दशकापासून रूढ झाली. ब्रिटिश-भारतीय पॅचची कड उघडी असते किंवा मागे दुमडून टाचलेली.

शेवटी झीज. खरी झीज असमान असते. दुमडीतलं कापड मूळ रंगाचं राहतं, उघडा भाग विटतो. म्हणून दुमड भिंगाखाली हलकेच उघडून रंगाचा फरक पाहा. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला पॅच दुमडीच्या आतही तितकाच पिवळा असतो, आणि नाकाशी धरला तर बरेचदा वासच सांगतो.

५. माझा पॅच भरतकामाचा नाही, कापडावर छापलेला आहे. म्हणजे नकली?

उलट, छापील पॅच ही खास युद्धकाळातली काटकसर. लोकर आणि मजुरी वाचावी म्हणून ब्रिटिशांनी सुती कापडावर छापलेले पॅच मोठ्या संख्येने वापरले. शाई कापडात मुरलेली असते, धाग्याची वीण शाईतून दिसते, आणि मागे थोडा रंग उतरलेला असतो. नकलेत दोन गोष्टी सापडतात. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर ते आजच्या प्रिंटरचं काम. बोटाने ताणल्यावर प्लास्टिकच्या पापुद्र्यासारखे तडे गेले तर ते गरम इस्त्रीने चिकटवलेलं चित्र.

६. यूव्ही टॉर्चखाली चमकला तर नकली, हे खरं का?

अर्धं खरं. आजच्या पांढऱ्या सुतात आणि कापडात प्रकाशउजळ रसायनं असतात, ती ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली निळी-पांढरी पेटतात. युद्धकाळातल्या धाग्यात ती नसत. पण आपल्या घरांत एकेकाळी पांढरे कपडे टिनोपॉलमध्ये बुडवून काढत, आणि आजची धुण्याची पावडर तेच काम करते. आजोबांचा शर्ट १९७० मध्ये घरी धुतला गेला असेल तर अस्सल पॅचही चमकेल. साध्या निळीने असं होत नाही.

फरक असा ओळखा: धुण्यामुळे आलेली चमक सगळ्या कापडावर फिकट पसरलेली असते, दुमडीत कमी असते. नव्या धाग्याची चमक फक्त त्या धाग्यापुरती, पण झगझगीत असते. सगळा पॅच मंद आणि शिवणीचा दोरा तेवढा पेटला, तर पॅच जुना असून नंतर शिवलेला असू शकतो. दुसरीकडे, न चमकणं हाही पुरावा नव्हे. प्रकाशउजळ न घातलेलं सूत आजही मिळतं आणि नकलाकारांना या टॉर्चची माहिती आपल्याइतकीच असते.

७. धागा जाळून बघावा का?

फक्त मागचा सुटलेला, अर्ध्या सेंटिमीटरचा धागा, पॅचपासून लांब नेऊन, चिमट्यात धरून. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी भुगा राहतो. लोकर आणि रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. वितळून काळा, कडक मणी झाला तर धागा कृत्रिम. पॉलिएस्टर बाजारात आलं ते युद्धानंतर. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं आणि ते युद्धकाळात सर्रास वापरात होतं, त्यामुळे चमकदार धागा दिसला म्हणून लगेच पॉलिएस्टर समजू नका. सुटा धागा नसेल तर तोडू नका.

८. अमेरिकन ‘सीबीआय’ पॅच भारतात बनलेला आहे म्हणतात. त्याला जास्त किंमत का?

सीबीआय म्हणजे चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडी. ढालीचा आकार, वरच्या निळ्या पट्ट्यात बघणाऱ्याच्या डाव्या हाताला चीनचा बारा किरणांचा सूर्य आणि उजव्या हाताला पांढरा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. अमेरिकेत मशीनवर बनलेले पॅच भरपूर, म्हणून स्वस्त. कलकत्ता, आसाम, कराची अशा ठिकाणच्या सैनिकांनी मात्र बाजारातल्या शिंप्यांकडून आपापले बनवून घेतले: लोकरीवर, रेशमावर, चामड्यावर रंगवलेले, जरीचे. एकासारखा दुसरा नाही. संग्राहक पैसे मोजतात ते या वेगळेपणासाठी.

ओळखायच्या खुणा: सूर्याचे किरण नीट मोजलेले नसतात, अकरा-तेराही सापडतात. पट्ट्यांची रुंदी कमी-जास्त असते. मागे अस्तर म्हणून हाताला येईल ते कापड, कधी जाडसर मांजरपाट, कधी कागद. त्या कागदावर छापील मजकूर असेल तर तो फाडू नका, तारीख मिळायची शक्यता त्यातच असते.

९. पॅच जरीचा आहे आणि विकणारा ‘युद्धात भारतात बनलेला’ म्हणतो. विश्वास ठेवावा?

सावध राहा. ‘भारतात बनलेला’ हे खरं असू शकतं आणि ‘युद्धात’ हे खोटं. वाराणसीत आणि सीमेपलीकडे सियालकोटमध्ये जरीचे बिल्ले आजही जगभरासाठी बनतात, कारागिरी उत्तम असते, आणि जुनी नक्षी दिली की हुबेहूब काढून मिळते. त्यात कारागिराचा दोष नाही. तो प्रतिकृती म्हणून विकतो. मधल्या हाताने ती अस्सल होते.

भिंगाखाली दबका पाहा. तो बारीक स्प्रिंगसारखा गुंडाळलेला धातू असतो. जुन्या तारेवरचा चांदीचा मुलामा उडून तांबं उघडं पडतं, वळणाच्या खाचेत काळपट किंवा हिरवा गंज धरतो. नवी स्वस्त जर म्हणजे धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. ती काळी पडत नाही, सोलली जाते. मागे काळं गुळगुळीत अस्तर, गरम गोंद किंवा ब्लेझरच्या बिल्ल्याला लावतात तशा पिना दिसल्या तर प्रश्नच मिटला. आता अवघड भाग: मुद्दाम गंधकाच्या वाफेने काळी केलेली जर. ती सगळीकडे सारखी काळी असते. खऱ्या वापरात उंचवटे घासून उजळ राहतात आणि खाचा काळ्या होतात.

१०. माझ्याकडचं मांजर डावीकडे बघतं, फोटोतलं उजवीकडे. छपाईची चूक का?

बहुधा चूक नाही. प्राणी, पक्षी किंवा हात असलेले पॅच बरेचदा जोडीने बनत, दोन्ही दंडांवर चित्र पुढच्या दिशेला तोंड करेल असे. डावा आणि उजवा एकमेकांचे आरसे असतात. जोडी मिळाली तर फोडू नका. जोडी एकाच हाताची आहे का ते कापडावरून आणि झिजेवरून ताडून बघा. दोन ठिकाणांहून जमवलेली ‘जोडी’ बाजारात नेहमी फिरते.

११. पॅचच्या मागे टिचबटणं आहेत. कुणी नंतर लावली असतील?

लावलेली असली तरी बहुधा त्याच काळात. उष्ण हवामानातला सुती शर्ट दर दोन दिवसांनी धोब्याकडे जाई आणि दगडावर आपटला जाई. पॅच टिकावा म्हणून तो टिचबटणांवर, हुकांवर किंवा फितीच्या सरकत्या पट्टीवर लावत. अशी बटणं काढून टाकली तर पॅचचं मोल कमी होतं. बटणाभोवती गंजाचं वर्तुळ कापडात उतरलेलं असेल तर उत्तमच, तो डाग अनेक वर्षांत पडतो.

१२. पॅच अस्सल दिसतो, पण ती डिव्हिजन कुठल्याच यादीत नाही.

अमेरिकनांनी जर्मनांना चकवण्यासाठी खोट्या डिव्हिजन कागदावर उभ्या केल्या होत्या. १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेआधीचा मोठा बनाव त्यातलाच. त्यांचे पॅच खरोखर बनवले गेले. तेव्हा ‘नसलेल्या’ डिव्हिजनचा पॅच अस्सल असू शकतो. त्याच्या प्रती नंतर संग्राहकांसाठीही बनल्या, म्हणून प्रश्न ४ ची सगळी तपासणी इथेही करा.

१३. सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या तुकडीचा वाघाचा पॅच घ्यावा का?

केशरी-पांढरा-हिरवा पट्टा, झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’ अशी अक्षरं. तुकडी लहान, मागणी जगभर, म्हणून नकला अतोनात. ज्याच्याकडे आधीच्या मालकांची लेखी साखळी नाही असा पॅच प्रतिकृतीच्या भावानेच घ्या. आझाद हिंद फौजेच्या इतर कापडी चिन्हांनाही हाच नियम लावा.

१४. किंमत कशी काढायची?

मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे. ऑनलाइन लिलावांत ‘विकलेल्या वस्तू’ असा गाळणीचा पर्याय असतो, तोच लावा. त्याच चिन्हाचे आणि त्याच बनावटीचे किमान पाच व्यवहार शोधा. छापील पॅचची तुलना भरतकामाच्या पॅचशी केली तर सगळा हिशोब वाया गेला. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव सोडा, उरलेल्यांवरून पल्ला ठरवा. लिलावगृहाचा भाव असेल तर त्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते बघा. ते बरेचदा वीस ते तीस टक्के असतं आणि विकणाऱ्याच्या हाती येत नाही. परदेशातून मागवत असाल तर टपाल आणि कस्टम वेगळं.

मग वरखाली करा. कसरीची भोकं चित्रावर असतील तर भाव चांगलाच उतरतो, कडेच्या दुमडीत असतील तर थोडा. न वापरलेला पॅच आणि अंगावर वापरलेला पॅच यांत न वापरलेलाच महाग असं नाही: भारतीय बनावटीत वापराच्या खुणा अस्सलपणाला पाठबळ देतात, म्हणून बरेच जण वापरलेलाच पसंत करतात. मागे गोंद आणि अल्बमचा कागद चिकटलेला असेल तर नुकसान, पण त्याच कागदावर जुन्या शाईत कुणी ठिकाण लिहिलं असेल तर ते नुकसान भरून निघतं. दुर्मीळपणा एकटा पुरत नाही. लहानशा पुरवठा तुकडीचा पॅच लाल गरुडापेक्षा कितीतरी दुर्मीळ असतो, पण मागणारे दोनच असतील तर भाव चढणार कुठून?

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथले भाव घासाघिशीचे असतात. ते आधारभूत धरू नका.

१५. जुन्या शर्टावर पॅच आहे. शर्ट फाटलाय, पॅच काढून विकू?

काढू नका. शर्ट, पॅच, फिती आणि कॉलरमागचा धोब्याचा खुणेचा आकडा एकत्र असणं हीच त्याची किंमत. आधीच कुणी काढला असेल तर शर्टावरचं न विटलेलं सावलीसारखं क्षेत्र आणि टाक्यांची भोकं पॅचशी जुळवून बघा. जुळली तर दोन्ही एकत्र ठेवा आणि फोटो काढा, परत शिवू नका.

१६. पॅच आजोबांचाच होता हे कागदावर कसं दाखवायचं?

पदकांपासून सुरुवात करा. ब्रिटिश सैनिकांची महायुद्धाची मोहिमेची पदकं बिननावाची असत, भारतीयांच्या पदकांवर मात्र क्रमांक आणि नाव कोरलेलं सहसा सापडतं: गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या पाठीवर. बर्मा स्टार (ब्रह्मदेशच्या मोहिमेचं ताऱ्याच्या आकाराचं पदक) असेल आणि पॅच १४ व्या आर्मीचा असेल तर जुळतं. इटली स्टार आणि कोंबड्याचा (म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीवरच्या २३ व्या डिव्हिजनचा) पॅच असं निघालं तर काहीतरी मिसळलंय. पुढे डिस्चार्ज बुकात (सेवेतून मुक्त करताना दिलेल्या पुस्तिकेत) पलटण बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. वारस म्हणून पत्र लिहिताना सेवा क्रमांक नक्की द्या, नुसत्या नावावर काही हाती लागणं कठीण, एका गावात दहा पाटील आणि वीस जाधव असतात. खांद्यावरची पट्टी असेल तर इंग्रजी स्पेलिंगही तपासा. युद्धकाळात ‘मराठा’मध्ये ‘आर’च्या आधी ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ लिहीत (Mahratta). आजचं साधं स्पेलिंग (Maratha) असलेली पट्टी नंतरची.

१७. मळलेला आहे, धुऊन ठेवू का? आणि पावसाळ्यात काय करायचं?

धुऊ नका, इस्त्री करू नका, जरीला ब्रासो लावू नका. लाल रंग पाण्यात सुटतो आणि शेजारचा पांढरा कायमचा गुलाबी होतो. धूळ काढायला मऊ ब्रश आणि वर जाळी धरून मंद ओढीचा व्हॅक्यूम पुरे.

लोकरी पॅचला कसर लागली असेल तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना किंवा खाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. घाई केली तर दमट हवेतलं पाणी थंड कापडावर साचतं आणि बुरशी धरते. डांबराच्या गोळ्या पॅचला टेकू देऊ नका. अल्बमची मऊ पीव्हीसी पाकिटं चिकट होऊन रंग ओढतात, त्याऐवजी आम्लरहित कागद आणि पुठ्ठ्याची पेटी वापरा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला किंवा तापवून कोरड्या करा. जरीचे पॅच लोकरीपासून आणि रबरापासून वेगळे ठेवा, दोन्हींतल्या गंधकामुळे चांदी काळी पडते.

१८. असे पॅच बाळगणं किंवा परदेशी विकणं कायद्यात बसतं का?

जुने पॅच संग्रहात ठेवायला हरकत नाही. पण आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी ते अंगावर घालणं गुन्हा आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे (प्रश्न ३) यातली बरीच चिन्हं आजही चालू सेवेत आहेत. कार्यक्रमात, नाटकात किंवा गावच्या मिरवणुकीत वापरायचे असतील तर हे लक्षात ठेवा.

परदेशी पाठवताना १९७२ चा पुरावशेष कायदा बघावा लागतो. त्यात ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातले पॅच अजून त्या मर्यादेखाली आहेत. पहिल्या महायुद्धातलं (१९१४–१८) कापड मात्र ती ओलांडून गेलंय. वय वादाचं वाटलं, किंवा एकाच पार्सलात दोन्ही युद्धांच्या वस्तू असल्या, तर पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या. पार्सलात ‘जुनं कापड’ असं मोघम लिहू नका. ‘भरतकामाचा कापडी बिल्ला, अंदाजे १९४४’ असं लिहा आणि पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो जोडा.